जाहिरातींसकट

बारा मार्च, दुपारचे सव्वाबारा. निवृत्त अभियंत्याने संगणकावर रेकॉर्ड केलेल्या मालिकेचे तीन भाग, जाहिराती नेमक्या कापून, डीव्हीडीवर उतरवले. अंथरुणाला खिळलेल्या आईने मालिका संपल्यापासून अन्नच टाकले होते, म्हणून हा खटाटोप. आईच्या खोलीतल्या प्लेअरवर डिस्क सुरू झाली. बायको वाटी घेऊन सासूजवळ बसली. पहिला भाग संपला, तरी आईने तोंड उघडले नाही. “चित्रात खोट आहे का?” त्याने विचारले. “अहो, चित्र छान आहे, जाहिराती कुठायत? मालिका चालू असताना सासूबाई कधी जेवल्यात?” “गप्प बसा दोघं,” आई पडद्यावरच्या नायिकेकडे बघत म्हणाली, “हिचं लग्न मोडतंय.” त्याने मूळ रेकॉर्डिंग जसेच्या तसे दुसऱ्या डिस्कवर उतरवले. साबणाची जाहिरात लागताच आईने सुनेकडे मान वळवली. “भरव पटकन, परत सुरू होईल.” तिसऱ्या जाहिरातीअखेर वाटीत दोनच घास उरले.