गुरुवारची मालिका

"हसा," प्रसेनजीत दात आवळून म्हणाला. "हसा की! डॉक्टरनी सांगितलंय."

रूपाली, त्याची बायको, हसली. शेजारचे आण्णा हसले. आण्णांची चिमणाबाई तर तोंडात पदर कोंबून हसली, कारण तिला रडू येत होतं. टीव्हीवर घरमालक शिडीवरून पडला होता, पण टीव्हीकडं कुणाचंच लक्ष नव्हतं. सगळे खाटेवरच्या केरबांकडं, प्रसेनजीतच्या आबांकडं, बघत होते. केरबा छताकडं बघत होते.

त्यांची उजवी बाजू गेल्याला एक्केचाळीस दिवस झाले होते. वाचा गेलेली नाही, असं राजारामपुरीतले डॉक्टर सांगत. ती होती, केरबा वापरत नव्हते एवढंच. गेल्या आठवड्यापासून त्यांनी तोंड उघडायचंही बंद केलं. चमचा दातांवर वाजायचा आणि पेज हनुवटीवरून खाली यायची. डॉक्टरांनी प्रसेनजीतला बाजूला घेतलं. "औषधाचं काम संपलं. आता त्यांनी मनावर घेतलं तरच. घर हसतं ठेवा. वडलांना आवड कशाची होती?"

आवडीचं सगळं करून झालं. तांबड्या रश्श्याचं पातेलं नाकाजवळ धरलं. केरबांच्या डोळ्यांत पाणी आलं, घर आनंदलं, मग कळलं की ते वाफेनं आलं होतं. तालमीतला जुना जोडीदार आला. त्यानं खाटेसमोर पन्नास बैठका मारल्या. मग त्यालाच दवाखान्यात न्यावं लागलं.

तेव्हा प्रसेनजीतला गुरुवारची मालिका आठवली.

चौदा वर्षांपूर्वी, एक्क्याण्णव साली, उचगावात त्यांच्या गल्लीतला पहिला टीव्ही केरबांनी आणला होता. दर गुरुवारी ती विनोदी मालिका लागायची. घरमालक भाडेकरूला हाकलायला निघायचा आणि शेवटी त्यालाच चहा पाजून परत यायचा. दर आठवड्याला तेच. तरी गल्ली फुटायची हसून. आण्णा ट्रंकेवर, चिमणाबाई उंबऱ्यावर, आई चुलीपाशी, पोरं जमिनीवर. प्रसेनजीत खिडकीत उभा. वारं सुटलं की पडद्यावर मुंग्या यायच्या आणि तो पडद्यावरची नजर न काढता खिडकीतून वर ओरडायचा, "गेलं! जरा डावीकडं! आलं, आलं!" रात्री जेवताना आबा सगळी गोष्ट त्याला पुन्हा सांगायला लावायचे. इतकी त्यांना ती आवडायची. तो नकला करायचा आणि आबा ताट बाजूला सारून हसायचे, ठसका लागेपर्यंत.

ती मालिका कुठंच मिळेना. शेवटी कळलं, शिरोळच्या एकानं ती त्या वेळी टीव्हीवरून व्हिडिओ कॅसेटवर उतरवून ठेवलीय. प्रसेनजीत मोटरसायकल काढून गेला. गेल्या महिन्यातल्या महापुरात त्या माणसाचं घर चार दिवस पाण्यात होतं. अंगणातल्या दोरीवर धुणं वाळत घालावं तशी टेप वाळत घातलेली.

"म्हस वाचली, कॅसेटी गेल्या," तो म्हणाला. "ही एक तेवढी म्हशीसंगं माडीवर हुती. न्ह्या पावणं."

या धावपळीत प्रसेनजीतची आई अंबूबाई त्याला तीनदा म्हणाल्या, "आरं, पर तुझ्या बानं ती मालिका..." तिन्ही वेळा तो गाडीला किक मारत होता.

आणि आता टीव्हीवर घरमालक उठून कपडे झटकत होता, सहा माणसांच्या घरात चार माणसं डॉक्टरांच्या सल्ल्यानं हसत होती, आणि केरबा छताकडं बघत होते. प्रसेनजीतनं आवाज वाढवला. खाटेसमोर उभा राहून त्यानं घरमालकासारखी लुंगी सावरली. स्वतः पडूनही दाखवलं. गुडघा फुटला.

"आबा, बघा की ओ. एकदा तरी बघा."

तेवढ्यात व्हीसीआरमधून कुरकुर आवाज आला. घरमालक उभा चिरला गेला, आडवा झाला आणि पडद्यावर मुंग्या पसरल्या. घरातलं हसू थांबलं. सगळ्यांना त्यातल्या त्यात तेच बरं वाटलं. प्रसेनजीतनं टीव्हीला चापट मारली, व्हीसीआरला मारली. मुंग्या गेल्या नाहीत. दुसरी कॅसेट नव्हती. दुसरा उपायही नव्हता. त्यानं खिडकीच्या गजावर कपाळ टेकलं, आणि काय करतोय हे कळायच्या आत गळ्यातून जुनी सवय बाहेर पडली.

"गेलं!" तो खिडकीतून वर ओरडला. "गेलं, गेलं!"

खाट कुरकुरली.

केरबांचा डावा हात वर आला होता. मूठ वळलेली, आत एखादा पाइप असावा तशी. मूठ हळूच डावीकडं फिरली.

"आता?" केरबांनी छताला विचारलं. आवाज घोगरा होता, एक्केचाळीस दिवस न वापरलेला. "आता आलं का?"

रूपालीच्या हातातली पेजेची वाटी कलती झाली.

"तीनदा सांगितलं तुला," अंबूबाई म्हणाल्या. "त्यास्नी ती मालिका कुटली ठावं? दर गुरुवारी तेवढा येळ ते कौलावर हुते. अँटेना धरून."

प्रसेनजीतनं पडद्याकडं बघितलं. मुंग्याच होत्या. मग चौदा वर्षांत पहिल्यांदा त्यानं पडद्याकडं पाठ केली आणि हातभर अंतरावर निजलेल्या बापाला, कौलापर्यंत पोचेल अशा आवाजात, ओरडून सांगितलं,

"आलं! आबा, झ्याक आलं! आता हलू नगासा, तसंच धरून ऱ्हावा!"