पत्रा आणि भिंत

"हे बघा, तुमचं घर रस्त्यात आलंय," असं म्हणत नगरपालिकेतल्या नकाशेवाल्यानं काउंटरवरची स्क्रीन टेलरबाईंकडे फिरवली.

वरून काढलेला फोटो होता. त्यात गल्ली, गल्लीत टेलरबाईंचं घर, आणि घराभोवती लाल रेघेची चौकट. चौकटीची पुढची कड रस्त्याच्या पिवळ्या पट्ट्यात घुसलेली. नोटिशीतही हेच लिहिलं होतं. अतिक्रमण नव्वद सेंटिमीटर, पुढची भिंत सोमवारी पाडणार. पुढच्या खोलीत बाईंची दोन शिलाई मशीन होती आणि सगळं घर त्या दोन मशीनवर चालत होतं.

"अहो, ती भिंत नाही, तो पत्रा आहे," बाई म्हणाल्या. "गिऱ्हाईक उन्हात ताटकळू नये म्हणून चार फूट पुढं काढलाय. पत्रा मी आज कापते. भिंतीनं काय घोडं मारलंय तुमचं?"

"फोटोत भिंत दिसत नाही."

"कशी दिसेल? मी छत्री घेऊन उभी राहिले तर वरच्याला माझं नाक दिसणार आहे का?"

मागं रांगेत कुणीतरी फसकन हसलं. नकाशेवाला हसला नाही. त्यानं मोजपट्टीच्या चित्रावर क्लिक केलं, एक टोक पत्र्याच्या कडेवर टेकवलं, दुसरं पिवळ्या पट्ट्याच्या कडेवर. नव्वद.

"परत मोजा."

परत मोजलं तर एकशे बारा. त्यानं घाईघाईनं रेघ पुसली, नकाशा आणखी मोठा केला. मोठा केला तशी पत्र्याची कड फुटून नुसते मळकट चौकोन उरले. त्यातल्याच एका चौकोनावर त्यानं टोक टेकवलं. चौऱ्याऐंशी.

टेलरबाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"तीनदा मोजलं आणि तीन आकडे! माझ्याकडे एक बाही दुसरीपेक्षा अर्धा इंच लांब झाली तर गिऱ्हाईक कपडा तोंडावर फेकतं. आणि तुम्ही हात हलला म्हणून माझी भिंत पाडणार?"

"वहिनी, जरा सबुरीनं," सोबत आलेला दीर कानाशी पुटपुटला. "साहेब आहेत ते."

"असू देत साहेब! भिंत माझी आहे." त्या पुन्हा काउंटरकडे वळल्या. "घरी या ना बघायला. दहा मिनिटांची वाट आहे."

"आता जागेवर जायची पद्धत नाही, मावशी. सगळं यावरच होतं."

"म्हणजे उंटावरून शेळ्या हाकायच्या!"

नकाशेवाला कंटाळला होता. त्याला रांग पुढं सरकवायची होती. त्यानं कोपऱ्याकडे बोट केलं. "तो कॉम्प्युटर लोकांसाठीच ठेवलाय. हाच नकाशा तिथं सगळ्यांना खुला आहे. तुम्हाला वाटतं तिथं भिंत आखा, छापा, हरकतीला जोडा. जमलं तर."

शेवटचे दोन शब्द त्यानं उगाच म्हटले. त्या दोन शब्दांपायी टेलरबाई तरातरा कोपऱ्यात जाऊन बसल्या.

दीर शेजारी उभा राहून स्क्रीनवरच्या बटणांची चित्रं ओळखायला लागला. "हे आखायचं, वहिनी. हे मोजायचं. हे पुसायचं." पहिली रेघ वाकडीतिकडी पळाली ती शेजाऱ्याच्या पाण्याच्या टाकीत जाऊन पडली. बाईंनी ती पुसली. दुसरी निम्मी बरी आली. पण तीस वर्षं कापडावर खडूनं आखणारा हात तो, त्याला माउस समजायला कितीसा वेळ लागणार! मध्ये लुडबुडणारी लाल चौकट त्यांनी बाजूच्या यादीतली तिच्यापुढची खूण काढून बंदच करून टाकली. मग पत्र्याच्या कडेपासून आत मोजत गेल्या. चार फूट म्हणजे एकशे बावीस सेंटिमीटर, हा हिशेब दिरानं मोबाइलवर करून दिला. तिथं त्यांनी निळी रेघ ओढली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सरळ.

"त्यांचा सगळ्यात मोठा आकडा धरला, एकशे बारा, तरी दहा सेंटिमीटर राहतात की," दीर म्हणाला. आता त्याचाही आवाज चढला होता. "वहिनी, भिंत रस्त्यात येतच नाही!"

"ते मी सकाळपासून कोकलून सांगतेय!"

छापलेला कागद त्यांनी काउंटरवर ठेवला. लाल चौकटीची खूण छापण्याआधी त्यांनी मुद्दाम परत लावली होती, म्हणजे दोन्ही रेघा दिसाव्यात. नकाशेवाल्यानं कागद जवळ ओढून निळ्या रेघेवरून बोट फिरवलं.

"चांगली काढलीय," तो म्हणाला. "पण ही धरता येणार नाही."

"का?"

"ही रेघ तुम्ही काढलीय. उद्या कुणीही येऊन रेघा ओढेल."

"आणि ही लाल? ही कुणी काढली?"

दिरानं वहिनीचा पदर ओढला, पण तो पदर आज कुणाच्या हाती लागणारा नव्हता.

"ही..." नकाशेवाल्यानं कागद सरळ केला. "ही मीच काढली. फोटोवरून."

"घर बघून?"

"नाही. इथं बसून."

टेलरबाईंनी काउंटरमधून ये-जा करायची फळी उचलली आणि ती हातानं वर धरून तशाच उभ्या राहिल्या.

"मग उठा," त्या म्हणाल्या.