पेटीतलं वेटोळं

इंदुमती लोटणकर घरात एकट्याच राहत होत्या, पण पूरनियंत्रण कक्षाच्या यादीत त्यांच्या घरी दोन माणसं दिसत होती. ते तपासायला कक्षाची तंत्रज्ञ नाझनीन भरदुपारी आली.

"काकू, घरात दुसरं कोणी नाही ना?"

"हे जाऊन दहा महिने झाले. आता कोण असणार?"

नाझनीनने भिंतीवरची इंटरनेटच्या फायबरची पेटी उघडून मीटर लावला. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याचं चुंबकीय क्षेत्र फायबरमधल्या प्रकाशाला किंचित पीळ देतं, आणि हल्ली त्या पिळावरूनच घराघरातली माणसं मोजली जात. पडद्यावर दोन रेषा धडधडत होत्या. पेटीत फायबरचं भलंमोठं वेटोळं होतं.

"एवढी लांब वायर कोणी सोडली?"

"ह्यांनीच. जन्मभर फायबर जोडायचं काम केलं. पुढच्या माणसाला कमी पडू नये म्हणून सगळीकडे जास्तच सोडून ठेवायचे."

"काकांचा जुना पीळ त्यातच अडकून फिरत असणार. कापावं लागेल, काकू. बोटी ह्याच यादीवरून सुटतात. नसलेल्या माणसासाठी जागा धरली, तर असलेलं माणूस पाण्यात राहील."

इंदुमतीबाईंनी वेटोळ्यावरून एकदा हात फिरवला. "काप," त्या म्हणाल्या.

नाझनीनने कात्री पुढे केली. खालची रेषा एकदम भरभर उसळू लागली.

"घाबरू नका काकू, तुमचे ठोके वाढलेत."

इंदुमतीबाईंनी मनगटावर बोटं ठेवली आणि शांतपणे मोजून पाहिलं.

"माझे नाहीत गं ते."