तळवे

सावांगआजोबा आमच्या आग विझवणाऱ्या टोळीत सगळ्यांच्या पुढे चालायचे, तेही अनवाणी. कालिमंतानच्या या दलदलीच्या जंगलात आग वर दिसत नाही, जमिनीच्या पोटात धुमसत राहते. आजोबांच्या तळव्यांना ती कळायची. ते जिथं पाऊल ठेवतील तिथंच आम्ही ठेवायचो.

जंगल जळू दिलं नाही की न झालेल्या धुराचे, म्हणजे कार्बनचे, परदेशातून पैसे मिळतात; त्यासाठी यंदा एक कंपनी आली आणि तिनं आमची टोळी कामावर घेतली. तिच्या साहेबानं सगळ्यांना जाड बूट वाटले.

"घाला हो आजोबा. फोटो परदेशात जातात. अनवाणी माणूस बघून काय म्हणतील ते?"

"जमीन काय म्हणते ते बुटातून कळत नाही, साहेब."

साहेब हसला. "बुटाशिवाय कामावर घेता येणार नाही."

आजोबांनी बूट घातले. तिसऱ्याच दिवशी त्यांच्या पायाखालची जमीन खचली आणि ते गुडघ्यापर्यंत निखाऱ्यांत गेले.

इस्पितळात साहेबानं आधी खाटेखालच्या करपलेल्या बुटांचा फोटो काढला. मग म्हणाला, "नशीब, बूट होते. म्हणून पाय वाचले."

आजोबा बँडेजकडे बघत म्हणाले,

"बूट नसते तर पाय तिथं पडलाच नसता."