दाढेची खाच

सुजलेला गाल पदरानं दाबून केराबाई धनगरीण मंगळवारच्या बाजारात दात काढणाऱ्या म्हाताऱ्यापुढं बसली. दवाखान्यातला डॉक्टर दौऱ्यावर गेला होता आणि तिला तर घोटभर पाणीसुद्धा गिळवत नव्हतं. लोकरीचं सूत ती रोज ज्या दाढेखाली धरून तोडायची, तीच दाढ ठणकत होती.

"लवकर काढा की, आबा. कळ सोसवंना."

म्हाताऱ्यापुढच्या फडक्यावर उपटलेल्या दातांचा ढीग होता. त्यानं तिच्या तोंडात बोट फिरवलं.

"ही तर मागल्या बाजारी काढली की, बाई."

"मागल्या बाजारी मी मोहोळ गावाला हुते."

त्यानं ढिगातून एक दाढ उचलली. तिला सुतानं पडलेली खाच होती. केराबाईनं जीभ फिरवली. दाढेच्या जागी नुसती भरून आलेली हिरडी लागली.

म्हाताऱ्यानं हातातल्या दाढेवर चिमटा ठोकला. केराबाईच्या गालात अशी कळ उठली की डोळ्यांपुढं अंधारी आली.

"नका, आबा."

गिरणीचा भोंगा झाला. म्हाताऱ्यानं दाढ ढिगात टाकली, फडक्याची चारी टोकं गोळा करून गाठोडं बांधलं आणि उठता उठता एकदा खळखळून हलवलं.

भाजीवाली, गिऱ्हाइकं, कोपऱ्यावरचा पगडीवाला शिपाई, साऱ्या बाजारानं एकदम गालाला हात लावला.