आईची चाळण

हातात फोन द्यायचा आणि मग समोर उभं राहून आईच्या तोंडाकडे टक लावून बघायचं, ही थोरल्याची खोड आईला मुळीच खपत नसे. पोलिसानं चोरावर नजर ठेवावी तसा उभा राहायचा. वर हुकूम, "आई, काही सांगणार नाही. नुसता वापर." जसं काही ही त्याच्या हाताखालचीच नोकर.

थोरला फोनच्या कंपनीत नव्या वस्तूंचा प्रमुख होता. कंपनी लहानसहान नव्हे, जावं तिथे लोकांच्या खिशात तिचाच फोन. कुठलीही नवी वस्तू बाजारात जाण्याआधी आईच्या हातात यायची, ही रीत त्यानंच पाडलेली. आईनं प्रश्न विचारला की समजायचं, वस्तूत खोट आहे. कंपनीत याला सगळे 'आईची चाळण' म्हणत. पहिल्या फोनच्या वेळी तिनं विचारलं होतं, "या मेल्याचं तोंड बंद कुठून करायचं?" आणि जगभरच्या फोनला बाजूला आवाज बंद करायचं एक बटण आलं. आई शाळेत फारशी गेली नव्हती, वाचायलाही येत नव्हतं, पण त्या बटणाचा तिला असा ताठा, की पदवीवाल्यांनी लाजावं.

आज तिनं नवा फोन घेतला. बहिणीला लावला, तिचं गुडघेपुराण ऐकून घेतलं. खिडकीत बसलेल्या मांजराचा फोटो काढला. बातम्या लावल्या, बंद केल्या. मग फोन टेबलावर ठेवला आणि मटार सोलायला घेतले.

"झालं?" थोरल्यानं विचारलं.

"झालं."

"काही विचारायचंय?"

"नाही बाबा."

थोरल्यानं हवेत मूठ उडवली. या कंपनीचं डोकं आटलं, तीच वस्तू रंग बदलून पुन्हा पुन्हा विकतात, असं पेपरवाले लिहून लिहून त्याचा जीव खात होते. तो तिथूनच साहेबांशी बोलला. "सर, चाळणीतून साफ उतरला! एकही प्रश्न नाही. इतकी वर्षं आईकडे आणतोय, असं पहिल्यांदाच झालं." फोन ठेवून म्हणाला, "आता बोंबला म्हणावं."

तेवढ्यात सून आली, ती हातात पुठ्ठ्याचं खोकं घेऊनच. खोक्यात कॉफीचा मग, ऑफिसातल्या चपला, खुर्चीवर टाकलेली असायची ती शाल. सूनही त्याच कंपनीत, पण तिचं खातं वेगळं.

"अगं, घर बदलतेस का काय?" आई म्हणाली.

"आमचं खातं बंद होतंय, आई. उद्या सही होईल."

"कुणाची सही?"

सुनेनं नुसतं नवऱ्याकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतेस?" थोरला चिडला. "मी घरची-दारची असा भेद करत नाही. नियम सगळ्यांना सारखा. तुमची वस्तू चाळणीत अडकली."

"कुठल्या चाळणीत?" आईनं विचारलं.

"कुठल्या म्हणजे? तुझ्याच. ती बोटावरची टोपी. आठवतं ना, काय भंडावून सोडलं होतंस?"

आईच्या हातातली शेंग हातातच राहिली. आठवत कसं नव्हतं! शिवताना बोटावर चढवतात तशी टोपी. ती घालून अक्षरांवरून बोट फिरवलं की ती लिहिलेलं कानात वाचून दाखवायची. त्या दिवशी आईनं औषधाची बाटली वाचली, दुधाची पिशवी वाचली, जिन्यात उतरून शेजाऱ्यांच्या दारावरच्या पाट्या वाचल्या. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला न विचारता वाचलं. मग प्रश्नांना ताळतंत्र राहिलं नाही. ही हातानं लिहिलेलं वाचेल का? दुसऱ्या भाषेतलं वाचेल का? मला लिहायलाही शिकवेल का? रात्री उशाशी ठेवली तर बिघडेल का? सून हसत हसत उत्तरं देत होती, आणि थोरला समोर उभा राहून प्रश्न मोजत होता.

"छान आहे" एवढं मात्र आई म्हणाली नव्हती. सुनेच्या तोंडावर कौतुक करायची या घरात पद्धत नव्हती, आणि ती पद्धत आईचीच.

"मला वाटलं, तुम्हाला ती आवडलीच नाही," सून खोक्याकडे बघत म्हणाली. "पूर्वी तुम्ही प्रश्न विचारला की वस्तू सुधारायचे. आता वस्तूच काढून टाकतात."

"कारण लोकांना डोक्याला ताप नको असतो!" थोरल्याचा आवाज चढला. "ज्याच्याबद्दल इतकं विचारावं लागतं ते कोण विकत घेणार? आणि हा बघ." त्यानं नवा फोन उचलून आईपुढे धरला. "आईसारख्या बाईला एक शंका येत नाही. याला म्हणतात वस्तू. आई, तूच सांग हिला. अजून तरी काही विचारावंसं वाटतंय का?"

आईनं फोनकडे पाहिलं नाही. मटाराचं ताट बाजूला सारलं, पदराला हात पुसले. तिचा चेहरा असा उतरला होता, की सून एक पाऊल पुढे आली.

"नाही वाटत," आई म्हणाली. "तुझ्या बापालाही मी शेवटची कित्येक वर्षं काही विचारलं नव्हतं. जाईपर्यंत तो समजत होता, बायको खूश आहे."