तंतोतंत

तांब्याच्या ऑक्साइडच्या अतिवाहकात, म्हणजे वीज विनाअडथळा वाहू देणाऱ्या पदार्थात, एका इलेक्ट्रॉनला धक्का लागला, की सगळे मिळून डोलायला लागतात. त्या डोलण्याचं गणित मांडण्यात त्या संशोधक विद्यार्थिनीची चार वर्षं गेली होती. पण आलेखावर प्रयोगशाळेतल्या मोजमापांची लाल रेषा एकीकडे जायची आणि तिच्या गणिताची निळी भलतीकडेच. आज मात्र निळी रेषा लालवर अशी चपखल बसली, की खालची लाल दिसेनाशी झाली.

"जुळलं! जुळलं!" ती किंचाळतच व्हरांड्यात धावली. शेजारच्या खोलीतला मित्र काही न विचारता उड्या मारायला लागला, त्याला बघून ग्रंथपालबाई, आणि त्यांना बघून सफाईवाल्या मावशी बादली बडवत आल्या. शेवटी, ज्यांच्या चेहऱ्यावरची माशी कधी हलत नसे, ते तिचे सरही आले. उघड्या दारातून त्यांनी तिच्या स्क्रीनवर एक नजर टाकली आणि दोन्ही हात वर करून नाचू लागले.

पाणी प्यायला ती खोलीत आली आणि स्क्रीनवरचं फाईलचं नाव वाचून थबकली. घाईघाईत तिने दोन्ही रेषा एकाच फाईलमधून काढल्या होत्या. प्रयोगाचे आकडे प्रयोगाच्याच आकड्यांशी जुळले होते!

ती धावत सरांपाशी गेली आणि त्यांच्या कानाशी पुटपुटली, "सर, घोळ झालाय."

"इतकं तंतोतंत जुळलंय म्हणजे घोळच, ते मला दारातूनच कळलं," सर गिरकी घेत म्हणाले.



"पण आता सगळेच डोलताहेत," ते नाचतच पुढे म्हणाले, "त्यात मी एकटा इलेक्ट्रॉन थांबू कसा, तेवढं गणित करून सांग!"